नामधारक विचारतो म्हणून



दत्तभक्तहो, सप्ताहात आपण श्रीगुरुचरित्राचं पारायण करतो, पण ओव्यांच्या ओघात एक गोष्ट निसटते. हा अवघा ग्रंथ म्हणजे सिद्ध आणि नामधारक यांचं बोलणं आहे. एक कथा संपली की नामधारकाची पुढची शंका तयार! सिद्ध कंटाळत नाहीत. उलट, तू विचारलंस म्हणून मला गुरूंचं चरित्र आठवलं, असा त्यांचा भाव. आणि सांगताना ते त्याच्याच पूर्वजाची, सायंदेवांची, गुरुसेवा सांगतात. उत्तर विचारणाऱ्याच्या घरापर्यंत नेऊन पोचवतात.

आता माझं ऐका. उत्सवात महाप्रसादाची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे. एकदा चुलीपाशी मदतीला आलेल्या पोरानं विचारलं, "काका, भाताला आधण किती ठेवायचं?" मी घाईत. म्हणालो, "एवढंही कळत नाही? दरवर्षी बघतोस ना?" चार माणसं हसली. पोरगा गप्प.

पुढच्या वर्षी मसालेभाताचं मोठं पातेलं खाली लागलं. त्याला वास आधीच आला होता. "मग बोलला का नाहीस रे?" तर मान खाली घालून म्हणाला, "काका, तुम्ही ओरडाल असं वाटलं." पंगत तासभर खोळंबली, म्हातारी माणसं उपाशी ताटकळली. त्या करपलेल्या पातेल्याशी मी उभा होतो, आणि दोष पोराला देववेना.

सगळेच प्रश्न सारखे नसतात, हे खरं. जयपत्राचा हट्ट धरून आलेल्या पंडितांना उत्तर नको होतं, वाद हवा होता. पण श्रीनृसिंहसरस्वतींनी त्यांनाही आधी समजावूनच पाहिलं. आणि आपल्या घरात, देवळात विचारणारं लेकरू बहुधा नामधारकच असतं हो!

भागवतात यदुराजानं अवधूताला विचारलं, हे ज्ञान तुला कुठून मिळालं? परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेयच मानते. त्यांनी मोठेपणा घेतला नाही. पृथ्वी, अजगर, मधमाशी असे 24 गुरू सांगितले. मग नातवानं काही विचारलं आणि आपल्याला ठाऊक नसलं, तर "गुरुजींना विचारू या" म्हणायला आपल्याला लाज कसली?

यंदा भात त्याच पोराकडे सोपवला आहे. परवा विचारायला आला, तांदूळ कोणता आणू? या वेळी नीट बसून सांगितलं. सांगता सांगता मलाच आठवलं, त्या वर्षी तांदूळ जुना होता आणि पाणी आम्ही नव्याच्या मापानं घातलं होतं.