नाव विचारल्यानंतर

उर्दूत 'गैर' म्हणजे दुसरा, आपल्यातला नसलेला. हाच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला अयोग्य, चुकीचे. 'त्यात काही गैर नाही' असे आपण सहज म्हणून जातो. 'जो आपला नाही' त्याचे 'जे बरोबर नाही' कधी झाले, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. मराठीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. उर्दूतही प्रकृती बिघडली की 'हालत गैर' झाली असेच म्हणतात. भाषा कोणतीही असो, परका आणि वाईट यांची घरे शेजारी शेजारी आहेत एवढे खरे.

परकेपणाची सुरुवात बहुधा नावापासून होते. समोरचा माणूस बोलत असतो, हसत असतो, चहा घेत असतो. मग आपण नाव विचारतो. त्यानंतरचे बोलणे पुष्कळदा वेगळे असते.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतला तरुण नोकरीनिमित्त परगावी जातो, जात न सांगता भाड्याने राहतो. तो कविता करतो, त्याला मान मिळतो. जात कळल्यावर त्याच माणसांच्या हातून तो मार खातो. या कथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला मात्र त्यातल्या 'चोरली' या क्रियापदापाशी थांबावेसे वाटते. माणूस स्वतःचीच वस्तू कशी चोरील? चोरी दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूची होते. म्हणजे त्या तरुणाची जात त्याची नव्हतीच, ती समाजाच्या ताब्यातली मालमत्ता होती. ती समाजाने त्याच्या अंगावर ठेवली होती आणि कधीही तपासून पाहण्याचा हक्क स्वतःकडे राखला होता. जात लपवणे हा गुन्हा ठरतो तो यामुळेच.

मंटोंच्या 'टोबा टेक सिंग'मध्ये उलटे घडते. फाळणीनंतर दोन्ही सरकारे वेड्यांचीही अदलाबदल करायचे ठरवतात. बिशन सिंग हा शीख वेडा आपले गाव कुठे आहे एवढेच विचारत राहतो. विचारून विचारून लोक त्याला गावाच्याच नावाने हाक मारू लागतात. सरकारच्या लेखी मात्र तो 'शीख' असतो आणि तेवढ्यावर त्याचा मुलूख ठरतो. शेवटी तो दोन सरहद्दींच्या मधल्या, कुणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. या शेवटाची चर्चा सगळे करतात. वेड्यांच्या इस्पितळात त्याला भेटायला येणाऱ्या फजलदीनला वाचक बहुधा विसरतात. हा त्याचा मुसलमान मित्र, त्याच्याच गावचा. बिशन सिंगच्या घरची माणसे सुखरूप हिंदुस्थानात पोहोचली, हे सांगायला तो येतो. मुलीविषयी बोलताना अडखळतो. गाईम्हशींचीही खबर देतो. एवढ्या मोठ्या कत्तलीनंतर एक माणूस दुसऱ्याला म्हशींची हकीकत सांगतो आहे! आमच्या मते त्या कथेतली इन्सानियत या म्हशींच्या हकीकतीत आहे.

आल्बेर काम्यूंच्या १९४२ च्या प्रसिद्ध कादंबरीत समुद्रकिनाऱ्यावर एक अरब मारला जातो. पुस्तकाचे नावच 'परका' अशा अर्थाचे, आणि परका कोण, तर मारणारा! मेलेल्याला पुस्तकभर नावसुद्धा नाही. अल्जीरियाच्या कमेल दाऊद यांनी २०१३ मध्ये त्या मेलेल्याच्या भावाच्या तोंडून दुसरी कादंबरी लिहिली आणि त्याला नाव दिले, मूसा. मोठा लेखकही कुणाला नाव द्यायचे राहून जातो, म्हणून साहित्याकडे आपण आदराने पाहावे, पण डोळे मिटून पाहू नये.

पुस्तकातून रस्त्यावर आलो तर तिथेही हेच. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुलाखतीचे बोलावणे येण्याचे प्रमाण दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश पडले. यात कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. लिफाफा उघडला आणि बाजूला ठेवला. सच्चर समितीच्या नोव्हेंबर २००६ च्या अहवालातही मुसलमानांना घर भाड्याने किंवा विकत घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. घर माझे, कुणाला द्यायचे ही माझी पसंती. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोस्ती केलीच पाहिजे असे नीतिशास्त्र सांगत नाही. भाडेकरू भांडखोर असेल, भाडे थकवत असेल तर त्याला नकार देणे योग्यच. पण तो नकार त्या माणसाला पाहून, पारखून दिलेला असतो. नावावरून दिलेला नकार पसंती कसा म्हणावा? पसंतीसाठी माणूस समोर यावा लागतो. इथे तो दारापर्यंत आलेलाच नसतो.

सूरह हुजुरातमध्ये माणसांच्या कौमा आणि कबिले कशासाठी, याचा हेतू एकमेकांची ओळख व्हावी असा सांगितला आहे. तआरुफ. नाव हे ओळखीचे दार आहे. आपण ते दार ओळख संपवण्यासाठी वापरतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दहावीनंतर शहरात शिकायला जाणारी मुले विचारतात की खोलीसाठी फोन करताना नाव आधी सांगावे की नंतर? व्यवहार सांगतो, नंतर सांगा, आधी खोली तर पाहू द्या. पण बागुलांचा तरुण आठवतो. लपवलेल्या नावाला मिळालेला मान त्याच्या वाट्याचा नव्हताच, त्याने उभ्या केलेल्या दुसऱ्याच कुणाचा होता. आम्ही मुलांना नाव आधी सांगायला सांगतो. याने चार खोल्या हातच्या जातात, हे ठाऊक असूनही.

परंतु हे गाऱ्हाणे आम्ही फक्त बाहेरच्यांविरुद्ध मांडले तर तो ढोंगीपणा होईल. मुसावातचे धडे आम्ही वर्गात देतो आणि रिश्ता ठरवताना बिरादरी पाहतो. मशिदीच्या रांगेत खांद्याला खांदा लावणारा हलालखोर आमच्या दस्तरखानावर किती वेळा बसतो? १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, मुसलमान व ख्रिस्ती बाहेरच राहिले. सरकारने अन्याय केला हे खरे. पण 'आमच्यात जात नाही' हे आम्हीच किती जोराने सांगत होतो!

बहिष्काराचेही तसेच. बिरादरीबाहेर टाकण्यास बंदी घालणारा कायदा मुंबई राज्याने १९४९ मध्ये केला होता. दाऊदी बोहरा धर्मप्रमुखांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. मधल्या काळात असगर अली इंजिनियरांसारख्या सुधारकांनी हा बहिष्कार वर्षानुवर्षे सोसला. सगेसोयरे हयात असताना त्यांच्या सुखदुःखात जाता न येणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर येते त्यालाच कळते. सर्व जातपंचायतींना लागू होणारा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला, ही समाधानाची गोष्ट.

वर्गात आम्ही महाडची गोष्टही सांगतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. हे नाव मुलांपैकी कुणी ऐकलेले नव्हते. फळ्यावर लिहिले. मुलांनी वहीत उतरवून घेतले. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, सर, त्यानंतर गावाने फत्तेखानांना वाळीत नाही का टाकले?