बापाचे ऋण आणि समुद्र

ज्याने कर्म करावे त्यानेच त्याचे फळ भोगावे, याविषयी आपल्या शास्त्रकारांत फारसा वाद नाही. न्याय घ्या, वेदान्त घ्या, दोन दोष सगळ्यांनीच टाळलेले दिसतील. केलेले कर्म फळ न देता नाहीसे झाले तर तो कृतनाश. न केलेल्या कर्माचे फळ गळ्यात पडले तर तो अकृताभ्यागम. ज्या मतात हे दोष निघतील ते मत पंडित तिथल्या तिथे टाकून देतात. पाठशाळेत आम्ही हे घोकले आणि पुढे कीर्तनांतून सांगतही आलो.

मध्यंतरी श्रीवर्धनच्या बाजूला सप्ताहासाठी गेलो असता तिथल्या हायस्कुलातील नववीच्या एका मुलीने आम्हांस गाठले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ त्या किनाऱ्यावर आदळले, त्यात तिच्या आजोबांची पोफळीची वाडी आडवी झाली होती. शाळेत हवामानबदलाचा धडा नुकताच झालेला. ती म्हणाली, “महाराज, हा वायू म्हणे दीडशे-दोनशे वर्षं साठतोय. कोळसा जाळला दुसऱ्यांनी. मग आम्ही काय केलं होतं?”

‘पूर्वजन्मीचे कर्म’ म्हटले की सुटका होते. परंतु जिथे कारण डोळ्यांसमोर आहे तिथे अदृष्टाकडे धाव घेऊ नये, हा नैयायिकांचाच दंडक. आणि इथे कारण नुसते डोळ्यांसमोर नाही, मोजलेले आहे. गिरण्या-आगगाड्यांच्या पूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. त्याने कोंडलेल्या जादा उष्णतेपैकी शेकडा नव्वदाहून अधिक समुद्राने पोटात घेतली. १९०१ पासून २०१८ पर्यंत समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर चढली. अमुक एक वादळ केवळ याचेच फळ, असे म्हणता येत नाही. पण तापलेला समुद्र वादळास बळ देतो एवढे खरे. शिवाय या वायूचा मोठा वाटा शेकडो वर्षे हवेत टिकतो. म्हणजे कृतनाश झालेला नाही. कर्म शाबूत आहे, फळ मात्र भलत्याच घरी पोहोचले.

याचा उलगडा आम्हांस मोक्षशास्त्रापेक्षा व्यवहारात सापडला. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. पण सगळे नव्हे. दारूपायी, कामापायी, जुगारापायी केलेले कर्ज मुलावर येत नाही, असेही तीच सांगते. केवढा विवेक आहे हा! ज्या कोळशावर दवाखान्यात दिवा लागला, शेतावर पंप चालला, ज्या डिझेलवर एस.टी. आम्हांस पंढरीस घेऊन गेली, ते पोटासाठी काढलेले कर्ज. त्यातला घास पोरांनीही खाल्ला. थोडा वाटा त्यांनी उचलला तर अन्याय नाही. पण चैनीसाठी जे जाळले ते दारूचे कर्ज, आणि त्यातले बहुतेक श्रीमंत देशांनी व श्रीमंत घरांनी काढलेले. पोफळीच्या वाडीवाल्याचे त्यात कितीसे? समुद्र स्मृती वाचीत नाही. तो सरसकट वसूल करतो, आणि तेही नातीकडून.

आम्ही त्या मुलीस म्हणालो, “तू काही केलं नाहीस, बाळ.” ती गप्प झाली. हे वाक्य तिला कोणी मोठ्या माणसाने ऐकवलेच नसावे.

१९९१ साली सुप्रीम कोर्टाने पर्यावरणाचा विषय शाळांत सक्तीने शिकवावा असा आदेश दिला, ते चांगलेच झाले. पण शिकविताना पुष्कळदा मुलांस सांगतात, पृथ्वी आता तुमच्या हाती. चित्रे काढा, घोषणा द्या! बापाने कर्ज काढून कागदावर तान्ह्या पोराचा अंगठा उठवावा, त्यातला हा प्रकार. उलट आमच्यातले काही वडीलधारे म्हणतात, पोरांना कशाला भिववता? समुद्र सगळं पोटात घेतो, पांडुरंग बघून घेईल. वही लपविल्याने कर्ज फिटल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

त्या शाळेतील सर वही उघडून देतात. मुलांस खाडीच्या मुखाशी नेतात, पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडतात आणि ती जिथे दिसेनाशी होते तेवढी खोली मांडून ठेवतात. ही युक्ती १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन पाद्र्याने योजिली. देवाच्या माणसाने समुद्राचा गढूळपणा मोजावा, याचा आम्हांस हेवाच वाटला. नंतर तापमान आणि पाण्यातला प्राणवायू. समुद्राचे पाणी २० अंशांवर लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरते, ३० अंशांवर सव्वासहाच्या आसपास. त्यात गावचा नाला मिळाला की मैल्यावर वाढणारे जंतू तोही संपवितात. स्नानाच्या समुद्रपाण्यात तो किमान ४ मिलिग्रॅम असावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मान आहे. उष्णता दुरून आलेली, नाला आपल्या आळीचा. मासोळी बिचारी दोन्हींकडून गुदमरते. मुलांना इथे दोन खाती वेगवेगळी दिसतात. पहिले जगाचे व जुने आहे. दुसरे कालचे आहे, आणि त्यातले ऋणको संध्याकाळी पारावर बसलेले सापडतात.

आपण वारकऱ्यांनीही समुद्र परका समजू नये. चंद्रभागेत आपण सोडलेली घाण भीमेवाटे कृष्णेत जाते, आणि धरणांत अडून-मुरून जे उरते ते आंध्रच्या किनाऱ्याला लागते. तिथेही नववीची मुले असतील.

मुलांचे आकडे फळ्यावर लिहून पुढच्या सप्ताहात मंडपाच्या दाराशी लावावे, असे आम्ही गावकऱ्यांस सुचविले. मंडळी ‘बघू’ म्हणाली. ज्यांचे सांडपाणी त्या नाल्यात जाते त्यांच्यातले एकजण म्हणाले, “महाराज, निदान काल्याच्या दिवशी तरी नको.” काल्याचे कीर्तन आमचेच आहे.