न सांगितलेले कारण



नाताळच्या कार्यक्रमांची तयारी सुरू झाली की आपल्या युवक-युवतींच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो, "फादर, देवाधर्मावर विनोद केलेला चालेल का?" पूर्वी मी सरळ 'नाही' म्हणून मोकळा व्हायचो. आता जरा थांबतो. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात हास्यविनोदाला सद्गुणांत जागा दिली आहे. इतकेच नाही, जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्यांच्या हसण्यावरही विरजण घालतो, त्याला ते दोषी धरतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १४ जून २०२४ रोजी देशोदेशींच्या शंभरावर विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावले. आपण प्रेमाच्या माणसांशी थट्टामस्करी करतो, तसे देवाशीही हसता येते, मात्र कुणाच्या, विशेषतः गरिबांच्या, श्रद्धेला दुखवू नये, अशा अर्थाचे ते तेव्हा बोलले.

हे सर्व आठवण्याचे कारण एक अमेरिकन विनोदी मालिका. नाव 'कम्युनिटी'. २००९ ते २०१५ या काळात तिचे सहा भाग-संच आले. आपल्या एका तरुणाने ती मला आग्रहाने दाखवली. त्यातली भाषा आणि काही प्रसंग लहान मुलांसमोर पाहण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

एका साध्याशा कॉलेजात सात जण एकत्र अभ्यास करतात. त्यांच्यात शर्ली ही भाविक बाप्टिस्ट ख्रिस्ती गृहिणी आहे, वयाने मोठी, मुलाबाळांची आई. बाकीच्यांत एक मुस्लिम, एक यहुदी, एक यहोवाचा साक्षीदार, एक नास्तिक, एक अज्ञेयवादी. आणि एक म्हातारा स्वतःला बौद्ध समजतो, पण प्रत्यक्षात भलत्याच पंथात फसला आहे. डिसेंबर २००९ मधल्या एका भागात शर्ली नाताळची पार्टी ठरवते आणि मंडळी ख्रिस्ती नाहीत हे कळल्यावर तिचा चेहरा पडतो. मग ती प्रत्येकाला बाळ येशूचे नाव असलेले कडे मनगटात घालायला देते. हे पाहून मी खूप हसलो, आणि थोडा ओशाळलोही. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच म्हटले. ते आपण धर्मशिक्षणात शिकवतो. तरी अन्यधर्मीय शेजाऱ्याला आपल्या घरी जेवायला बोलावताना आपल्या हातात असे एखादे कडे नसतेच असे नाही.

पण मला खरे गुंतवले ते ऑक्टोबर २०१० मधल्या भागाने. आबेद हा त्यातला मुस्लिम विद्यार्थी. त्याला सिनेमाचे वेड. येशूचा संदेश तरुणांपर्यंत जाईल अशी एक छोटी फिल्म त्याने करावी, असे शर्ली सुचवते. आबेद नवा करार वाचतो आणि त्या कथेने भारावून जातो. परंतु तो करायला घेतो ते भलतेच: येशूवर चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकावरचा चित्रपट, आणि त्यात देव, दिग्दर्शक, कॅमेरा यांची अशी सरमिसळ की आबेद स्वतःच जवळजवळ मसीहा होऊन बसतो. मुले त्याच्यामागे फिरू लागतात. शर्ली संतापते. तिच्या दृष्टीने ही देवनिंदा असते.

मग एका क्षणी ती आबेदला एकटाच प्रार्थना करताना ऐकते. चित्रित झालेला भाग त्याने पाहिला आहे आणि तो अगदी भिकार आहे हे त्याला कळून चुकले आहे. हे माझ्यापासून दूर कर, अशी तो देवाला विनवणी करतो. गेथशेमानीच्या बागेची आठवण तुम्हाला येईलच. इथे आकाशातून काही उत्तर येत नाही. शर्ली बेसबॉलची बॅट घेते आणि चित्रीकरणाचे सामान फोडून टाकते. सर्वांच्या नजरेत ती कर्मठ, हेकट बाई ठरते. खरे कारण ती कुणालाच सांगत नाही.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही अशा उदाहरणांचा कीस काढत असू. शर्ली खोटे बोलली का? संत ऑगस्टीन कोणत्याही खोट्याला, अगदी परोपकारासाठीच्याही, सूट देत नाहीत. पण गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हा भेदही परंपरेत आहे, आणि तो मला पटतो. माझी अडचण वेगळी आहे. इतरांनीही त्या फिल्मसाठी घाम गाळला होता, त्यांना कोणी विचारले? शिवाय, 'माझे चुकले' असे स्वतःच्या तोंडाने म्हणण्याची संधी तिने आबेदकडून काढून घेतली. मित्राची लाज झाकावी की त्याला ती सोसू द्यावी? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. तिचे कृत्य निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. तरीही तिच्या जागी मी असतो तर काय केले असते हे मला माहीत आहे, कारण मी ते केले आहे.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, एका मुलाने नाताळसाठी नाटिका बसवली होती. लांबलचक आणि विस्कळीत होती, पण रात्र-रात्र जागून लिहिलेली. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मी ती रद्द केली. निर्णय योग्यच होता, असे मला आजही वाटते. फक्त तो मी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत, सर्वांदेखत, एकेक चूक मोजून सांगत घेतला. 'वेळ कमी पडतोय, मीच कार्यक्रम छोटा करतोय' एवढे म्हणालो असतो तर चार लोकांनी मला नावे ठेवली असती, बाकी काही बिघडले नसते. बॅट मी उचलली, पण आळ त्याच्यावर ठेवला. तो पुन्हा तालमीला आला नाही, आणि पुढे मिस्सेलाही क्वचितच दिसे.

ती मालिका पाहून झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. तो कामावरून यायचा होता. आईने चहा केला, भिंतीवरचे लग्नाचे फोटो दाखवले, नाटिकेचा विषय काही काढला नाही. लोकल उशिरा धावत होत्या. मी तासभर बसलो, मग अंगणातल्या बाकावर जाऊन त्याची वाट पाहत राहिलो.