तुटलेला धागा कुणाला दिसतो?

उधाण आणि भांग यांतला फरक मुंबईच्या कोळ्याला शिकवावा लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला ओढ असते, अष्टमीच्या सुमारास ती मंदावते. डोल जाळं या ओढीवरच चालतं. रुंद तोंडाची, मागे निमुळती होत जाणारी ही पिशवी प्रवाहासमोर बांधायची आणि पाणी फिरायच्या आत उचलायची; उशीर झाला की आलेलं म्हावरं उलट्या पाण्यासोबत निघून जातं. भांगात बोंबील कमी आले तर कुणी जाळ्याला बोल लावत नाही. उधाणातही हात रिकामे राहिले, तर मात्र आधी खोला, म्हणजे जाळ्याचं निमुळतं टोक, फाटलाय का ते बघतात.

नेहमीचा चढउतार कोणता आणि बिघाड कोणता, हे कारखान्यात ओळखण्यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी अमेरिकेत नियंत्रण आलेख मांडला तो १९२४ साली. त्याच वर्षी जपानमध्ये साकिची टोयोडा यांचा स्वयंचलित माग तयार झाला. धागा तुटला की तो आपोआप थांबे. पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात हेच तत्त्व माणसाच्या हाती आलं: चूक दिसली की साध्या कामगारानेही इशाऱ्याची दोरी ओढायची, गरज पडली तर उत्पादनाची अख्खी साखळी थांबवायची. भरवसा यंत्रावर होता, तो आता पाहणाऱ्याच्या शब्दावरही ठेवला गेला.

दर्यावर मात्र सुधारणा आली ती वस्तूंमध्ये. सुती नि तागाची जाळी सालीच्या काढ्यात रंगवावी, वाळवावी लागत. तरी ती कुजत. नायलॉनने ती कटकट संपवली. शिडाची जागा इंजिनाने घेतली, बर्फाने मासळीला वेळ मिळवून दिला. 

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार नगरात, बधवार पार्कजवळ, मुंबईवर दहशतवादी हल्ला करणारे दहा जण रबरी होडीतून आले. पाठीवर जड पिशव्या, चेहरे अनोळखी. किनाऱ्यावरच्या लोकांना ते खटकलं, त्यांनी हटकलंही. धागा तुटल्याचं दिसलं होतं. ओढायला दोरी नव्हती.

त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, नौकांची एकसारखी नोंदणी आली, राज्यागणिक रंग ठरले. हे सगळं हवंच होतं. पण हल्लेखोरांनी भर समुद्रात बळकावलेली ‘कुबेर’ ही पोरबंदरची खरीखुरी मासेमारी नौका होती. अशा वेळी नुसती कागदपत्रं काय सांगणार? शिवाय या व्यवस्थेचा बराचसा रोख मच्छीमाराला तपासण्यावर राहिला. त्याचं ऐकून घेण्याची सोय त्यामानाने मागे पडली.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये नौकांसाठीच्या नव्या संपर्क यंत्रणेची सुरुवात झाली. देशभरातल्या मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने १ लाख ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. त्यातून वादळाचा इशारा नौकेपर्यंत येतो आणि संकटाचा संदेश किनाऱ्याकडे जातो. म्हणजे दोरी नौकेपर्यंत पोहोचते आहे. त्या रात्री ज्यांना खटकलं ते मात्र नौकेवर नव्हते, आपल्याच वस्तीपुढच्या किनाऱ्यावर उभे होते.