तटस्थाचं तेल

तटस्थ राहिलं की हात स्वच्छ राहतात, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही.

1938 साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, जपानी हल्ल्यातल्या जखमींवर उपचार करायला. त्याच काळात जपानला लागणारं बहुतांश तेल अमेरिकेतून जात होतं. अमेरिका तटस्थ होती, व्यापार कायदेशीर होता. ऑगस्ट 1941 मध्ये तिनं तेल तोडलं. जपाननं डच ईस्ट इंडीजच्या तेलविहिरींवर डोळा ठेवला आणि डिसेंबरात पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. विकणं निर्दोष नव्हतं, थांबवणंही फुकट पडलं नाही.

2022 पूर्वी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोनेक टक्के होता. युद्ध पेटल्यावर तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला. आमच्या आष्टीतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या टाकीत त्यातलं किती, हे कुणी सांगू शकत नाही. रिफायनरीत सगळं एक होतं. डिझेल महागलं तर झळ आधी याच माणसांना बसेल. म्हणून ते तेल घेऊच नये, असं मी म्हणणार नाही.

पण गरज हे कारण झालं, निर्दोषपणाचा दाखला नव्हे. कोटणिसांचा आपल्याला अभिमान आहे. मग त्यांच्यासमोरच्या जखमी माणसानं तेल विकणाऱ्याला जे विचारलं असतं, ते आज युक्रेनमधला माणूस तेल घेणाऱ्या आपल्याला विचारू शकतो, आणि ते ऐकून घेणं आपल्याला भाग आहे.