दस्ता कोणाच्या मापाचा?

एखादें साधन एखाद्या मनुष्यास नीट वापरतां आलें नाहीं, तर दोष कोणाचा मानावा, हा प्रश्न वरवर पाहतां सुताराच्या किंवा शिंप्याच्या दुकानांतला वाटेल; परंतु थोडा विचार केला असतां तो नीतिशास्त्राच्या अगदीं मध्यावर येऊन बसतो असें दिसून येईल. शिंप्याच्या बाबतींत आपला न्याय सरळ असतो. सदरा घट्ट झाला तर आपण शिंप्यास बोल लावतों, छातीस लावीत नाहीं. पण साधन जितकें जुनें, प्रतिष्ठित आणि महाग, तितका हा न्याय उलटा फिरतो, आणि मग छातीच चुकीची ठरते. या उलटेपणाचें एक उदाहरण मला गोंदिया जिल्ह्यांत सालेकसा येथें पाहावयास मिळालें. तें बंदुकीचें असल्यामुळें कित्येक वाचकांस अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. तरी तेंच घेतों, कारण त्यांत प्रश्न उघडा पडतो.

सालेकसा हें हावडा-मुंबई लोहमार्गावरील तालुक्याचें गांव. धानाच्या बांध्या संपल्या कीं जंगल लागतें. शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संपविले, आणि तें योग्यच झालें. पण रानडुकरांस कायदा वाचतां येत नसल्यामुळें धानावरील आपला हक्क त्यांनीं सोडलेला नाहीं. तेथील एका परिचित घरीं राखणीसाठीं परवान्याची बारा बोअरची जुनी दुनळी बंदूक होती. तिचा बार बहुधा हवेंतच निघे. घरधनी वारले, मुलगा नोकरीनिमित्त दूर, म्हणून परवाना रीतसर सुनेच्या नांवें झाला. बाई पदवीधर, धीट, परंतु उंचीनें पांच फुटांहूनही कमी. परगांवच्या सरावाच्या जागीं तिनें बार काढला कीं दंडावर काळानिळा डाग पडे, गालास मार बसे, आणि छर्रे समोरचें मडकें सोडून भलतीकडेच जात.

यावर घरांत दोन मतें झालीं. वडीलधाऱ्यांचें मत, "सूनबाई, हें बायकांचें काम नव्हे." हें मत इतकें जुनें आहे कीं त्याचा समाचार घेण्यांत मी जागा दवडीत नाहीं. दुसरें मत दयाळू होतें : "तिला बिचारीला एखादी हलकी बंदूक घेऊन द्या." मला विचार करण्याजोगें वाटलें तें हें दुसरें. दोन्ही मतांत एक गोष्ट समान होती. बंदूक मोजून पाहावी असें कोणासही सुचलें नव्हतें.

तें सुचलें नागपूरच्या एका वृद्ध कारागिरास. त्यानें प्रथम दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून घेतली. मग बाईस डोळे मिटून बंदूक खांद्यास लावावयास सांगितलें आणि नंतर डोळे उघडावयास. असें दहा-बारा वेळां. मग म्हणाला, "ताई, तुमचा नेम चुकत नाहीं. ही बंदूक अजून तुमच्या सासऱ्यांच्याच खांद्यावर आहे."

या वाक्याचा अर्थ कळण्यास छर्ऱ्याच्या बंदुकीची एक खुबी ध्यानांत घेतली पाहिजे. रायफलीस पुढें माशी असते तशी डोळ्याजवळ खांचही असते. दोन्ही एका रेषेंत आणल्या कीं नेम साधला. छर्ऱ्याच्या बंदुकीस पुढें केवळ एक मणी असतो. मागची खांच म्हणजे नेम धरणाराचा डोळाच, आणि तो डोळा कोठें पडेल हें लांकडी दस्ता ठरवितो. चापापासून दस्त्याच्या टोंकापर्यंतचें अंतर बाजारी बंदुकींत सामान्यतः १४ इंचांहून थोडें अधिक असतें. हें माप मध्यम बांध्याच्या पुरुषाचें. लहान चणीच्या मनुष्याचा हात त्यास पुरत नाहीं. दस्ता कांखेंत अडकतो, खांद्याच्या खळग्याऐवजीं दंडावर टेकतो, मान ताणली जाते, आणि गाल लांकडावर बसावा तसा बसत नाहीं. डाग आणि मार येतात ते येथून.

मग करवत घेऊन इंचभर लांकूड कापलें कीं झालें, असें आपणांस वाटतें. मलाही कारागिरानें करवत उचलावी असेंच वाटत होतें. त्यानें ती शेवटीं उचलली. दस्त्याची वरची धार खांद्याकडे उतरत जाते. दस्ता आंखूड केला कीं गाल पुढें सरकतो, पुढें धार उंच असते, म्हणून डोळा वर जातो आणि छर्रे लक्ष्याच्या वरून जातात. नाक आंगठ्याजवळ येतें, तें निराळेंच. शिवाय दस्ता बाहेरच्या बाजूस किती वळावा, त्याच्या टोंकाचा तिरपेपणा किती असावा, हेंही छातीच्या आणि खांद्याच्या घडणीवर अवलंबून. त्यानें लांकूड कापलें, धार तासली, टोंकाचा कोन बदलला आणि रबराची गादी बसविली. लहान मनुष्य म्हणजे मोठ्या मनुष्याची लहान प्रत नव्हे, एवढें त्याच्या हातांस ठाऊक होतें.

आणि ती हलकी बंदूक? काडतूस तेंच ठेवून बंदूक हलकी केली, तर धक्का वाढतो; न्यूटनच्या नियमास दयामाया नसते. म्हणजे ज्या दुबळेपणाची कींव करून हलकें शस्त्र द्यावयाचें, त्याच्याच खांद्यावर अधिक जोराचा आघात करावयाचा. मोजमाप न करतां केलेल्या दयेचें असें अनेकदां होतें. तिरस्कार आणि दया या दोहोंनाही मोजण्याचा कंटाळा असतो; दयेचा कंटाळा मात्र सज्जनपणांत खपून जातो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. मनुष्यानें साधनास वळण लावावयाचें कीं साधनानें मनुष्यास? व्याकरण, ताल, कवायत हीं आपल्या सोयीनें वांकत नाहींत. त्यांच्यापुढें आपणच वांकतों, आणि त्यांतच शिक्षण आहे. हें मला मान्य आहे. परंतु सरावानें जें वळतें आणि हाड मोडल्यावांचून जें वळत नाहीं, यांत भेद आहे. कवायतीचें माहेर जें सैन्य, त्यानेंही हा भेद ओळखला. ब्रिटिश सैन्याच्या ली-एन्फील्ड रायफलीचे दस्ते अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकानें चार लांबींचे निघत. सर्वांत आंखूड तो बँटम. शिपायास पाऊल सर्वांबरोबर टाकावें लागे, पण हात कोणी ताणून लांब केला नाहीं.

याहून सुंदर दाखला आपल्याच प्रांतांत आहे. मिरजेस तंबोरे करणारीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं. हत्यारांस धार लावणारे हे हात एकोणिसाव्या शतकांत तंतुवाद्यांकडे वळले. तेथें पुरुषाच्या स्वराचा तंबोरा मोठा आणि बाईच्या स्वराचा लहान करतात. लहान तंबोऱ्यास कोणी सवलत म्हटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. षड्ज दोघांचाही तितकाच शुद्ध लागावा लागतो.

येथें कायद्याचा एक बारकावा सांगण्यासारखा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें बंदुकीची नळी परवान्यावांचून आंखूड करणें हा गुन्हा आहे. नळी आंखूड केली कीं तें शस्त्र लपविण्याजोगें होतें, त्याचा स्वभावच बदलतो. दस्त्याचें तसें नाहीं. लक्ष्यही जवळ आणावयाचें नसतें. बार्सिलोना येथील १९९२ च्या ऑलिंपिकमध्यें उडत्या तबकड्यांच्या स्कीट स्पर्धेंत स्त्रीपुरुष एकत्र उतरले होते, आणि सुवर्णपदक चीनच्या झांग शान या बाईनें जिंकलें. तबकड्या सर्वांना त्याच होत्या. पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांना त्या स्पर्धेंत स्थानच नव्हतें, हा योगायोग वाचकांनीं आपल्या मतीप्रमाणें समजावा.

तेव्हां प्रत्येक संस्थेंत नळी कोणती आणि दस्ता कोणता, हें ठरविणें हें खरें कठीण काम होय. मी शिक्षकाच्या धंद्यांतला असल्यामुळें माझें मन साहजिकच शाळेकडे जातें. सालेकशाच्या आसपास कित्येक मुलांच्या घरीं गोंडी किंवा पोवारी बोलतात, आणि पहिल्या दिवशीं त्यांच्या हातीं येतें तें पुण्याच्या मराठींतलें पुस्तक. मूल अडखळलें कीं तीच दोन मतें पुन्हां ऐकूं येतात : एक म्हणतें, याच्या डोक्यांत शिरावयाचें नाहीं, दुसरें म्हणतें, याला जरा सोपें, थोडें कमी शिकवा. गणित ही नळी आहे, ती कापतां कामा नये; ज्या भाषेंतून तें प्रथम सांगावयाचें ती भाषा माझ्या मतें दस्ता आहे. प्रमाण मराठी तरी नळी कीं दस्ता, याविषयीं माझ्याच सहकाऱ्यांत तीव्र मतभेद आहेत. पहिल्या इयत्तेंत ती दस्ता आणि दहावींत नळी, असें कांहींसें माझें उत्तर आहे. पण तें तेथल्या एखाद्या गुरुजींनीं, दहा-बारा मुलांस जवळ बसवून, तपासून पाहिल्याशिवाय मी त्याचा आग्रह धरणार नाहीं.