हिशेबाच्या कागदापाशी

कागद समोर घ्या, पण आकडे लगेच मांडू नका. थोडं शांत बसा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. आणि ग्रनोबल हे नाव मनात एकदा म्हणा.

फ्रान्सच्या आग्नेय भागातलं हे शहर. इझेर आणि द्राक या नद्यांच्या संगमापाशी, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, अगदी सपाट जमिनीवर वसलेलं. भोवती आल्प्सच्या तीन रांगा आहेत: उत्तरेला शार्त्रूझ, नैर्ऋत्येला वेरकॉर, पूर्वेला बेलदोन. शहरातल्या कुठल्याही चौकात मान वर केली की डोंगर दिसतो. एवढंच चित्र आधी मनात स्थिरावू द्या. पॅरिस, जिनिव्हा, इटलीची सीमा, यांतलं काही आत येऊ पाहत असेल तर ते तूर्त दाराबाहेर ठेवा.

आता स्वतःला विचारा, मला तिथं काय हवं आहे? पहिलं उत्तर बहुधा दुसऱ्यांच्या फोटोंतून आलेलं असेल. ते येईल, त्याला जाऊ द्या. पुन्हा विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला उत्तर लहान होतं आणि खरं होतं. कुणाला दिवसभर चालून दमायचं असतं. कुणाला बर्फाचं शिखर घाई न करता, खालून, नुसतं बघायचं असतं. कुणाला अशा गावच्या बाजारात फिरायचं असतं जिथं आपल्याला कुणीही हाक मारणार नाही. जे उत्तर टिकेल ते कागदाच्या डोक्यावर लिहा. पुढचा प्रत्येक खर्च त्या ओळीशी ताडून बघायचा आहे.

मग आकडा. सोयीसाठी एका युरोचे शंभर रुपये धरा. व्हिसा देताना फ्रान्स रोजच्या खर्चाची तरतूद आहे ना, हे तपासतो. हॉटेलची नोंदणी दाखवली तर दिवसाला 65 युरो, नोंदणी नसेल तर 120, आणि कुणाच्या घरी राहणार असाल व त्या यजमानाचं रीतसर पत्र असेल तर 32.50. त्याशिवाय व्हिसाचं शुल्क 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास-आरोग्य विमा सक्तीचा.

या 65 च्या आकड्यापाशी थांबा. साडेसहा हजार रुपये, एका दिवसाचे, विमानाचं तिकीट सोडून. हे वाचताना आत काहीतरी आवळतं का, ते बघा. आपल्यापैकी अनेक जण अशा घरांत वाढलो जिथं महिनाअखेरीला खर्चाची वही उघडली जायची आणि दुधाचा, वाण्याचा, फीचा हिशेब पुन्हा एकदा जुळवला जायचा. त्या घरातलं माणूस अचानक परदेशातल्या एका दिवसावर इतके पैसे ठेवू लागलं की मनात अपराधी भावना येते. ती झटकू नका, तिची समजूतही काढू नका. तिला शेजारी बसवा. ती हिशेबात पक्की आहे. कुठला पैसा सार्थकी लागेल आणि कुठला नुसता निसटून जाईल, हे तिला तुमच्यापेक्षा लवकर कळतं.

तिला सोबत घेऊन एक अवघड निर्णय करून बघू. शामोनी गावातून एग्वी द्यु मिदी या शिखरावर रोपवे जातो, 3842 मीटर उंचीवर. समोर माँ ब्लाँ हे शिखर, खाली हिमनद्या. जाऊन-येऊन तिकीट सत्तर युरोंच्या वर. म्हणजे एका अख्ख्या दिवसाचा खर्च, आणि ग्रनोबलहून शामोनी गाठण्यात दिवसाचा मोठा भाग जातो तो वेगळाच. डोळे मिटा आणि हे सोडून दिलं आहे असं समजा. परत आला आहात, कुणीतरी विचारतं, तिथं गेला नाहीत? तुम्ही नाही म्हणता. ही कल्पना किती बोचते? प्रश्न विचारणाऱ्यामुळे बोचत असेल, तर तिकीट काढू नका. एकटं असतानाही बोचत असेल, तर ते यादीत घ्या आणि त्याच्या किमतीचं दुसरं काहीतरी खोडा. माझं मत विचाराल तर कमी पैशांच्या पहिल्या प्रवासात हे सोडावं. वीस-पंचवीस मिनिटांत शरीर इतक्या उंचीवर पोचतं, पण मन तिथं पोचायच्या आतच परतीची रांग लागते. तेवढ्याच पैशांत डोंगरातल्या आश्रयघरात एक रात्र, गरम जेवण आणि सकाळची न्याहारी साधारणपणे बसते. त्या रात्रीकडे आपण येऊच.

आधी शहर. ग्रनोबलमध्ये पहिला दिवस मोकळा ठेवा, आणि तो मोकळाच राहू द्या. नदीच्या पलीकडे बास्तीय नावाचा एकोणिसाव्या शतकातला किल्ला आहे. तिथवर 1934 पासून रोपवे चालतो. 1976 पासून त्याला पारदर्शक गोल पाळणे आहेत, तेच गावाची ओळख झाले आहेत. पण पायवाटही आहे आणि चढायला तासभर पुरतो. प्रवासाने अवघडलेल्या पायांना ती चढण चांगली. मनाने आत्ताच चढून बघा. पहिल्या वळणाला छपरं खाली जातात, मग पूल, मग दोन्ही नद्या. वर आल्यावर तिन्ही रांगा एकाच फेरीत दिसतात. हवा स्वच्छ असेल तर ईशान्येला, फार दूर, माँ ब्लाँसुद्धा. त्याला बघायला इथं तिकीट नाही.

उतरताना वाटेत म्युझे दोफिनुआ हे संग्रहालय लागतं, सतराव्या शतकातल्या एका जुन्या मठाच्या इमारतीत. डोंगरातली माणसं हिवाळे कसे काढत, काय पिकवत, हे तिथं समजतं. इझेर जिल्ह्याची संग्रहालयं विनामूल्य आहेत, त्यामुळे घाईने सगळं उरकायची गरज नाही. एका दालनात बसून राहिलात तरी चालतं. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रतिकाराचं संग्रहालयही शहरात आहे, तेही विनामूल्य. वेरकॉरच्या पठारावर 1944 मध्ये काय घडलं ते तिथं कळतं. ते बघितल्याशिवाय वेरकॉरला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. नाहीतर त्या पठारावरच्या वासियो गावातली कबरींची ओळ बसच्या खिडकीतून नुसती सरकून जाते.

जेवणाचं पान लवकर भरतं. बेकरीतला पाव, सँ-मार्सलँ नावाचं मऊ चीज, हंगामातली फळं, ग्रनोबलचे अक्रोड. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटल्यांवर एक पैसाही घालू नका. घरून चिवडा, शेंगदाण्याची चटणी न्या; तूप, पेढे, पनीर मात्र बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाही. रविवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच पाव-फळं घेऊन ठेवा.

आता डोंगरांकडे वळा. तिन्ही रांगा एकाच आठवड्यात उरकायचा मोह होईल. एक निवडा, फार तर दोन.

शार्त्रूझ आणि वेरकॉर चुनखडीचे. पाऊस पडतो तो भेगांतून खाली निघून जातो, आणि माथ्यावर मैलोन् मैल पाणी मिळत नाही. सह्याद्रीत गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर चढणाऱ्यांनी ही गोष्ट नीट मनात धरावी. इथं दिवसाचं पाणी पाठीवरच न्यावं लागतं. शामशोद हे शार्त्रूझचं सर्वांत उंच शिखर 2082 मीटर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा सव्वाचारशे मीटरहून अधिक उंच. बेलदोनचा खडक वेगळा, कठीण आणि स्फटिकमय. तिथं पाणी वरच थांबतं, म्हणून त्या रांगेत जागोजागी तळी आहेत. याच रांगेच्या पायथ्याशी लाँसे इथं आरिस्तीद बर्जेस यांनी 1869 मध्ये दोनशे मीटर उंचावरून नळाने पाणी खाली आणलं आणि कागदाच्या कारखान्यातली यंत्रं फिरवली. आल्प्समधल्या जलविद्युतेची वाट तिथून सुरू झाली.

शार्त्रूझमध्येच ग्रांद शार्त्रूझ हा मठ आहे. 1084 मध्ये संत ब्रूनो सहा सोबत्यांना घेऊन इथल्या रानात आले. 1132 च्या हिमलोटात पहिली वस्ती गेली, मग ती खाली आणून बांधली. आजही तिथले साधू बहुतेक वेळ एकांतात, मौनात राहतात. मठ पर्यटकांना खुला नाही. थोडं खाली त्याचं संग्रहालय आहे, आणि मठाभोवतीच्या वाटांवर शांतता पाळायची असते. फिलिप ग्रोनिंग या जर्मन दिग्दर्शकाने 1984 मध्ये चित्रपटासाठी परवानगी मागितली. साधूंनी इतक्यात नाही म्हटलं. होकार सोळा वर्षांनी आला. त्याने मग मठात राहून, वेगळा प्रकाश न वापरता, एकट्याने चित्रण केलं आणि 2005 मध्ये चित्रपट आला.

या सोळा वर्षांपाशी थोडं बसा. तुमच्या प्रवासाला यंदा पैसे पुरत नसतील, रजा मिळत नसेल, व्हिसाची तारीख हुकली असेल. तरी मठ तिथंच आहे. आणि जाल तेव्हाही त्याच्या दारापर्यंतच जाता येणार आहे. बंद दारापर्यंत मुद्दाम चालत जायचं, भिंतीबाहेर उभं राहायचं आणि परत यायचं. हे मनाला पटतं का? पटत असेल तर एक सबंध दिवस त्याच्या नावे लिहा. त्या दिवसाला बसभाडं आणि डबा, एवढाच खर्च आहे.

आता ती रात्र. शाम्रूसवरून रोबेर तळ्यांच्या बाजूने चारएक तास चाललं की बेलदोनमधलं ला प्रा हे आश्रयघर येतं, साधारण 2100 मीटरवर. फ्रान्समध्ये अशा घरांना रेफ्यूज म्हणतात. दारातच बूट काढून ठेवायचे. झोपायची जागा सामाईक, फळ्यांवर ओळीने गाद्या. चादरीची पातळ पिशवी आपली आपण न्यायची. संध्याकाळी ठरल्या वेळी सगळे लांब टेबलाशी एकत्र बसतात, सूप येतं, मोठं पातेलं हातोहात फिरतं. शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच सांगा. तिथं सामान कष्टाने वर नेलेलं असतं, ऐनवेळी वेगळं काही करता येत नाही. रोख पैसे जवळ असू द्या. जेवणानंतर लवकर दिवे मालवतात.

त्या टेबलाशी स्वतःला बसवून बघा. भाषा येत नाही. शेजारची बाई पावाची टोपली पुढे करते. दिवसभराच्या चालीने पाय दुखताहेत आणि उद्या काय बघायचं हा प्रश्नच उरलेला नाही, कारण दाराबाहेर ते उभंच आहे. या रात्रीसाठी बाकी काय काय सोडायला तयार आहात, ते आता कागदावर लिहा. शहरातली एक हॉटेलची रात्र? उपाहारगृहातली दोन जेवणं? हात आपोआप कुठली ओळ खोडतो ते बघा.

काही गोष्टी मात्र मनाच्या कौलावर सोडता येत नाहीत. ही आश्रयघरं साधारण मध्य जून ते मध्य सप्टेंबर सांभाळणाऱ्यासह चालू असतात, आणि जूनअखेरपर्यंत वरच्या खिंडींत बर्फ राहू शकतं. उन्हाळ्यात दुपारी वीज-वादळं येतात, म्हणून पहाटे निघायचं आणि दुपारपूर्वी उंच धारेवरून खाली यायचं. जुन्या प्रवासवर्णनांत एक्रँ पर्वतातलं ला बेरार्द हे खेडं हमखास असतं. जून 2024 च्या पुराने ते दगडगाळाखाली उद्ध्वस्त केलं, तेव्हा ते या यादीत धरू नका. आणि एक संपूर्ण दिवस रिकामा ठेवा. ढग उतरले तर वाटेतून मागे फिरता यावं म्हणून. राखीव दिवस नसला की माणूस पैसे वाया जातील या भीतीने पुढे जातो, आणि डोंगरात ही भीती सर्वांत महाग पडते. मदतीचा क्रमांक 112.

आता पुन्हा कागदाच्या डोक्यावरची ओळ वाचा. ती अजून खरी वाटत असेल तर आश्रयघरातली जागा आधी नोंदवा, विमानाच्या तिकिटाकडे नंतर वळा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आणि निघण्यापूर्वी घरच्यांना सांगून ठेवा की डोंगरातल्या त्या रात्री फोन बहुधा लागणार नाही, काळजी करू नका.